नाकातून पडलेला थेंब आणि सात नंबरची खाट

मी सात नंबरची खाट. दवाखान्यातली, लोखंडी, पायथ्याशी हँडल असलेली. हँडल फिरवलं की माझी डोक्याकडची बाजू वर येते, उलटं फिरवलं की खाली जाते. एवढंच मला येतं. जुनी आहे, गंजकी आहे, आणि मित्रांनो, मागून कळण्यापेक्षा आधीच सांगते, जळकी आहे. गोष्टीतल्या खाटा गरीब आणि सोशिक असतात. ज्याला तशी पाहिजे त्यानं दुसरीकडं बघावं.

वाळूजच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. बद्रीनाथ नावाच्या वेल्डरनं माझे पाईप वाकवले आणि जोडले. पोटाखाली एक लांब स्क्रू बसवला आणि त्या स्क्रूवर एक पितळी नट. हँडल फिरलं की स्क्रू फिरतो, नट पुढं सरकतो आणि माझी पाठ उचलतो. माणसाच्या धडाचं सगळं ओझं त्या मुठीएवढ्या नटावर. रंग वाळल्यावर बद्रीनाथ स्वतः माझ्यावर आडवा झाला आणि जोडीदाराला म्हणाला, "घे वर. अजून घे. बास! आता इथंच थांबली पाहिजे. घसरली तर जिम्मा माझा." मला टेम्पोत चढवताना त्यानं ड्रायव्हरला बजावलं, "दवाखान्यात सांग बाबा, म्हैन्याला बोटभर ग्रीस लावा म्हणावं."

ड्रायव्हरनं ते सांगितलं की नाही, देव जाणे. इतकी वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, दवाखान्याच्या पाट्या बदलल्या, पण माझ्या नटाला ग्रीसचं बोट काही लागलं नाही.

आमचा वॉर्ड डोक्याच्या आजारांचा. करमाडजवळ मोटारसायकलवरून पडलेले, अर्धं अंग गेलेले, फिट येणारे, सगळे माझ्यावर झोपून गेले. त्यातले कितीतरी पायांवर चालत घरी गेले, काहींना चौघांनी नेलं. सुरुवातीला माझी वाहवा होती. थोरल्या सिस्टर म्हणायच्या, "पेशंट गंभीर आहे ना? सात नंबर द्या. ती हलत नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी कैक वर्षं काढली.

मग दुर्बीण आली.

दोन पेन्सिली एकापुढं एक ठेवल्या तर होईल एवढी लांब, बोरूसारखी बारीक. टोकाला उजेड, मागं कॅमेरा. मेंदूच्या बुडाशी गाठ झाली की पूर्वी बऱ्याचदा कवटी उघडावी लागायची. ही बया नाकातून आत जाते. चेहऱ्यावर एक टाका नाही. ती आली त्या दिवशी नारळ फुटला, हार पडला, पेपरात फोटो आला. फोटोत साहेब लोक होते, टेबल होतं, टेबलावर ती होती. मी भिंतीपलीकडं होते.

तिला कामानंतर धुतात, मऊ कपड्यानं टिपतात, स्पंज लावलेल्या पेटीत निजवतात. नेताना दोन हातांनी नेतात. मला ब्रेक लावायचा असला की लाथ मारतात. तिच्यावर ओरखडा आला तर चौकशी बसते. माझ्यावर माणूस मेला तर चादर बदलतात. आता सांगा, जळू नको तर काय करू?

आणि मग तनुजा आली. कन्नड गावची, चौतीस वर्षांची, नवरा अतुल आणि सासरे अप्पाराव यांच्यासोबत. वर्षभर तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. स्कूटीसमोर बाजूनं वासरू आलं ते तिला दिसलं नाही. घरात सगळे हसायचे, "रेड्यावानी धडका मारती." अप्पाराव मात्र हसले नाहीत. त्यांनी साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. मशीन रोज एकाच ठिकाणी घासायला लागलं की त्यांच्या मनात शंका यायची. एक दिवस जेवताना ते अतुलला म्हणाले, "हिला ताटाच्या कडंची चटणी दिसत नाय. रोज विचारती, चटणी कुठंय. मस्करी बंद करा अन् हिला शहरात न्या."

निघाली गाठ. नाकाच्या मागं, मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका लहानशा ग्रंथीवर. ती वाढून डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती. डॉक्टर सुदर्शन माझ्या कडेला बसले आणि त्यांनी घरच्यांना समजावलं. मीही तेव्हाच नीट ऐकलं.

मेंदू कवटीत कोरडा बसलेला नसतो, मित्रांनो. तो स्वच्छ पाण्यात असतो. नाकातून जाऊन गाठ काढली की त्या पाण्याच्या बुडाला भोक पडू शकतं. ते उघडं राहिलं तर पाणी नाकातून गळतं. आणि जिथून पाणी खाली येतं तिथून जंतू वर जातात. मग ताप येतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते, माणूस जाऊही शकतो. म्हणून डॉक्टर भोक बंद करतात. मांडीतली थोडी चरबी आणि मांडीच्याच स्नायूवरचं पातळ आवरण तिथं बसवतात. वरून नाकाच्या पडद्याचं अस्तर फिरवून झाकण घालतात. ते अस्तर एका बाजूनं जोडलेलंच ठेवतात, म्हणजे रक्त मिळून ते जगतं आणि तिथं चिकटतं.

"पण चिकटायला दिवस लागतात," डॉक्टर म्हणाले. "ठिगळ मी लावीन. ते जागेवर राहील का, हे पुढचे पंधरा दिवस तुम्ही ठरवायचं."

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. वॉर्डात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, काय ती दुर्बीण! शेजारच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा तनुजाचं नाक बघून जायचे आणि म्हणायचे, "कुठून काढली म्हणे गाठ? काहीच दिसत नाय की!" मला तर त्या ठिगळाचासुद्धा हेवा वाटायला लागला. नाकातलं नखाएवढं कातडं, त्याचीही विचारपूस. सकाळ संध्याकाळ डॉक्टर विचारायचे, पाणी येतंय का? माझं कुणी विचारलं? मी तिला पाठीवर धरून होते.

मोनिका सिस्टरनं पहिल्याच दिवशी दम भरला. "तनुजाताई, ऐका. नाक शिंकरायचं नाय. शिंक आली तर दाबायची नाय, तोंड आ करून शिंकायचं, लाजायचं नाय. संडासला जोर लावायचा नाय, त्यासाठी औषध देतेय ते घ्यायचं. जड उचलायचं नाय. आणि वाकायचं तर अजिबात नाय. चप्पल पलंगाखाली गेली तर ती चप्पल मेली समजायची."

"अन् खाट?" अप्पारावांनी विचारलं.

"खाट एवढीच वर. तीस अंश. दिवसरात्र. डोकं वर राहिलं की ठिगळावर दाब कमी."

एवढं माझं काम. आणि इथंच मला एक कबूल करायचंय. माझ्या नटाचे आटे झिजले होते. वजन आलं की स्क्रू त्या झिजलेल्या आट्यांवरून कणाकणानं सरकायचा. सकाळी तीस अंशावर ठेवलेली पाठ दुपारपर्यंत चार बोटं खाली. कुणाच्या लक्षात आलंच तर उशी दुमडून घ्यायचे. तनुजानंही घेतली. दोन दिवस मी तिला असं खाली सोडत होते आणि दुर्बिणीच्या नावानं खडे फोडत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फुलंब्रीहून भामाबाई आल्या. अप्पारावांची थोरली बहीण, म्हणजे अतुलची आत्या. त्यांच्या शब्दावर घराण्यातल्या सोयरिकी जुळत होत्या आणि मोडत होत्या. हातात डाळिंबांची पिशवी घेऊन त्या माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

"कसं हाय गं आता?"

"बरंय, आत्याबाई," म्हणत तनुजानं बसल्या जागी हात जोडले.

भामाबाईंनी ते जोडलेले हात पाहिले. लुगड्याचा काठ चिमटीत धरून दोन बोटं वर घेतला आणि उजवा पाय वीतभर पुढं ठेवला.

अप्पाराव शेजारीच होते. 'वाकू नको' एवढे दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. थोरल्या बहिणीसमोर त्यांनी ते गिळले. तनुजा माझ्यावरून खाली उतरली.

"राहू दे गं, राहू दे," भामाबाई म्हणाल्या. पण पाय मागं घेतला नाही. आपल्याकडं हे असंच. राहू दे म्हणायचं तोंडानं. पायानं कुणी म्हणत नाही.

तनुजा वाकली. भामाबाईंच्या अंगठ्यावर एक थेंब पडला. स्वच्छ, पाण्याचा.

"अगं, रडतीस कशापायी? बरी झालीस ना तू!"

"मी नाय रडत, आत्याबाई," तनुजा उठत म्हणाली. "नाकातून आलं." आणि तिनं घोट गिळला. "घशात खारट लागतंय."

मोनिका सिस्टर धावतच आली. "पुसू नका! बाटलीत धरा, तपासायचंय." पाठोपाठ डॉक्टर सुदर्शन आले. बाटलीतलं पाणी त्यांनी उजेडाकडं धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. खोटं सांगून काय करू? दुर्बिणीचं काम फसलं असं वाटलं. आता लावा हार, काढा फोटो! लोखंड हसत नाही म्हणून बरं, नाहीतर वॉर्डानं मला तिथंच भंगारात फेकलं असतं.

मग डॉक्टर म्हणाले, "कदाचित माझंच ठिगळ कुठंतरी कमी पडलं असेल. कमरेतून पाठीच्या कण्यात बारीक नळी घालू. त्यातून थोडं थोडं पाणी बाहेर काढलं की वरचा दाब कमी होईल, ठिगळाला चिकटायला सवड मिळेल. पाच दिवस बघू. थांबलं तर ठीक. नाहीतर परत ऑपरेशन. आणि मधे ताप आला, तर मग सोपं नाही."

"आरं देवा, माझ्या पायानं झालं हे," भामाबाई स्टुलावर बसत म्हणाल्या.

"नाय अक्का, माझ्या तोंडानं," अप्पाराव म्हणाले. "मला म्हाईत होतं अन् मी गप बसलो."

तिघांनी चूक आपापल्याकडं ओढून घेतली. चौथी मी. ती वाकली हे सगळ्यांनी पाहिलं. मी घसरत होते हे कुणीच पाहिलं नव्हतं. मी गप्प राहिले. लोखंडाला ते फार सोयीचं असतं.

तेवढ्यात तनुजा हळूच म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? सकाळपासून समोर बघताना मला अप्पांचा कान दिसायलाय. ते बाजूला बसलेत तरी. हे राहील ना? का हेपण जाईल?"

डॉक्टरांनी तिच्या डोळ्याच्या कडेला बोट धरून किती दिसतं ते पाहिलं. माझा आनंद तिथं संपला. त्या बाईला वर्षभरानंतर सासऱ्याचा कान दिसला होता, आणि मला पेपरातल्या फोटोचं पडलं होतं.

नळी घातली. पाणी थेंबथेंब एका डबीत पडायला लागलं. ती डबी तनुजाच्या कानाच्या उंचीला स्टँडवर टांगलेली. मोनिका सिस्टरनं सगळ्यांना बजावलं, "आता खाट जरापण हलता कामा नये. डोकं डबीपेक्षा वर गेलं तर पाणी धो धो निघेल, तेपण वाईट. खाली गेलं तर निघणारच नाय, दाब सगळा ठिगळावर. हँडलला हात लावायच्या आधी मला हाक मारायची. मी नळी बंद करणार, मग काय ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हँडलला कुणी हात लावला नाही. आणि मी आपली कणाकणानं खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पारावांनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या डोक्याकडचा पाईप भिंतीला जिथं भिडत होता तिथं त्यांनी बारीक रेघ मारली.

"भिंत कशाला रंगवताय, बाबा?" वॉर्डबॉय सांडू त्यांच्यावर खेकसला.

"कारखान्यात सवय हाय. हलू नये म्हणतात ते हलतंय का, एवढं बघायचं."

दुपारी ते पुन्हा रेघेपाशी आले. रेघ वर होती आणि माझा पाईप तीन बोटं खाली. त्यांनी डबीकडं पाहिलं. तासाभरात पाणी पडलंच नव्हतं. तनुजाच्या वरच्या ओठावर ओल आली होती.

"सिस्टर!" अप्पाराव ओरडले, तेही माझ्याकडं बोट करून. "ही खाट चोर हाय! ही खाली येती!"

आयुष्यात पहिल्यांदा सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. मी ह्याचसाठी इतकी वर्षं झुरले होते. असं नव्हतं व्हायला पाहिजे.

सांडू म्हणाला, "जुनी खाट हाय ती. दुरुस्तीवाल्याकडं कागद द्यावा लागतो."

"कवा येतो दुरुस्तीवाला?"

"येतो की. मागचा कागद दिवाळीत दिला होता."

"कोणत्या दिवाळीत?"

दुसरी खाट रिकामी नव्हती. स्पेशल रूममध्ये बटणावर उठणारी एक होती, तिच्यावर कुणाचे तरी साडू झोपले होते. अप्पाराव बाहेर गेले आणि रसवंतीच्या गाड्याच्या चाकाखालची बाभळीची पाचर मागून घेऊन आले. धुतली, फडक्यात गुंडाळली. मोनिका सिस्टरनं नळी बंद केली, माझं हँडल फिरवून मला रेघेला आणलं. अप्पाराव खाली बसले, वाकले, आणि माझ्या पाठीच्या आडव्या पाईपाखाली त्यांनी ती पाचर ठोकून बसवली. सिस्टरनं डबीची उंची पुन्हा मोजली आणि नळी सोडली. थेंब पडला. मग दुसरा.

यापुढचे दिवस मी मोठ्या जिद्दीनं काढले, असं मी इथं सांगायला पाहिजे. पण तसं काही नाही. लोखंड जिद्द धरत नाही. मला पाचरीनं धरलं. रसाच्या गाड्याखालच्या, मुंग्या लागलेल्या लाकडानं. मला तिचाही हेवा वाटला. मी सांगितलंच होतं तुम्हाला.

भामाबाई फुलंब्रीला परत गेल्या नाहीत. स्टुलावर बसून राहिल्या, दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एकच, "लांबूनच बोला. पाया पडून घ्यायची हौस आसंल तर माझ्या पडा." तनुजाला शिंक आली की वॉर्डाच्या दारापर्यंत त्यांचा आवाज जायचा, "आ कर! आ कर, म्हणते ना! लाजू नको, इथं कोण सोयरे बसलेत?" एकदा तर एका तरण्या डॉक्टरनं नाक धरून शिंक दाबली. भामाबाई त्याच्यावरही खवळल्या. तो बिचारा सॉरी म्हणाला.

पाचव्या दिवशी नळी बंद करून ठेवली. डॉक्टरांनी तनुजाला बसवून बघितलं. नाक कोरडं होतं. घशात खारट नव्हतं. रात्रीही काही आलं नाही. सहाव्या दिवशी नळी काढली आणि अप्पाराव पहिल्यांदा कँटीनमध्ये पोटभर जेवले.

घरी जाताना डॉक्टरांनी तनुजाला अजून पाच आठवड्यांचं पथ्य सांगितलं, अतुलनं आभार मानले, आणि सगळे दुर्बिणीबद्दलच बोलत निघाले. पाचर माझ्या पोटात तशीच राहिली.

तीन आठवड्यांनी तनुजा आणि अप्पाराव तपासणीला आले. दुर्बिणीनं पुन्हा नाकात डोकावलं. ठिगळ गुलाबी आहे, छान धरलंय, असं डॉक्टर म्हणाल्याचं तनुजानं मोनिका सिस्टरला सांगितलं. बघा, हे तिलाच दिसतं. माझ्या नशिबात पाठच आहे.

त्या दिवशी मी रिकामी होते. अप्पारावांच्या हातात एक पिशवी होती. त्यांनी कन्नडमध्ये लेथवाल्याकडून नवा नट कातून आणला होता. माप पाचर ठोकतानाच घेतलं होतं म्हणे.

"सिस्टर, कागद द्यावा लागंल का?"

"कागद मी देते. तुम्ही बसवा," मोनिका सिस्टर म्हणाली.

तनुजानं टॉर्च धरला आणि सवयीनं वाकायला गेली.

"तू वाकू नको," अप्पाराव म्हणाले. "अजून पंधरा दिस हायेत. मी वाकतो."

साठी उलटलेला तो माणूस गुडघ्यांवर आला, फरशीवर पाठ टेकून माझ्याखाली सरकला. त्यांनी जुना नट काढला, बोट घालून आतले आटे चाचपले. सपाट झाले होते. नवा बसवला. मग पिशवीतून डबी काढून माझ्या स्क्रूला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं ग्रीस लावलं. बद्रीनाथनं सांगितलेलं ते बोट इतक्या वर्षांनी पोचलं, तेही दुसऱ्याच माणसाचं.

मित्रांनो, तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलात तर त्याला वाकायला लावू नका. राहू दे म्हणाल तेव्हा पायही मागं घ्या. शिंक आली तर त्याला शिंकू द्या. आणि खोलीतल्या चकचकीत वस्तूचं कौतुक करून झालं की एकदा खाली वाकून खाटेचा नट बघा. तुम्हाला वाकता येतं. खाटेवरच्याला येत नाही.

निघताना तनुजा माझ्यापाशी थांबली. ताठ उभी राहून तिनं तळहात माझ्या दांडीला लावला आणि मग तोच हात कपाळाला लावला. वाकली नाही. बाजूच्या दारातून बाहेर पडताना तिचा खांदा चौकटीला लागला नाही.

दुर्बिणीला असा हात अजून कुणी लावलेला नाही. लावतीलच कसा, पेटीत असते ती. आता जळू दे तिला.